आपत्ती जाहीर करायची कोणी?

काही वर्षांपूर्वी एका राज्य सरकारच्या खात्याने आपल्या संगणक यंत्रणेची रंगीत तालीम पाहण्यासाठी मला बोलावले होते. मुख्य डेटा सेंटर बंद पडले आहे असे गृहीत धरायचे आणि दुसऱ्या शहरातल्या पर्यायी केंद्रातून खात्याचे काम सुरू करून दाखवायचे, एवढीच परीक्षा होती. नागरिकांना त्रास नको म्हणून रविवारची सकाळ निवडली होती. दहा वाजता मुख्य केंद्रातले सर्व्हर बंद करण्यात आले. पुढे काय करायचे हे ज्यात लिहिले होते, तो एकशे चाळीस पानांचा आराखडा उघडण्यासाठी एक अधिकारी संगणकासमोर बसले आणि थबकले. तो आराखडा नुकत्याच बंद केलेल्या सर्व्हरवरच ठेवलेला होता.

शोधाशोध करून छापील प्रत मिळाली. तातडीच्या संपर्कासाठी दिलेल्या यादीत पहिले नाव ज्यांचे होते, ते गृहस्थ दोन बदल्यांपूर्वीच खाते सोडून गेले होते. यावर खोलीत थोडा हशा झाला. मला मात्र त्यानंतर जे घडले ते अधिक लक्षात राहिले आहे. आराखड्याच्या चौथ्या पानावर एक वाक्य होते : 'सक्षम प्राधिकाऱ्याने आपत्ती घोषित केल्यानंतर पुढील कार्यवाही करण्यात यावी.' हा सक्षम प्राधिकारी कोण, याचा उल्लेख एकशे चाळीस पानांत कुठेही नव्हता. कंत्राटदार कंपनीचे अभियंते म्हणाले, लेखी आदेशाशिवाय आम्ही काहीही हलवणार नाही. उपस्थितांतले सर्वांत वरिष्ठ अधिकारी म्हणाले, ''आपत्ती असे लिहून दिले तर उद्या चौकशी लागेल. तूर्त बिघाड म्हणू या का?'' ही तालीम आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही सही व्हायला पावणेदोन तास लागले. सही झाल्यावर यंत्रणा दुसऱ्या केंद्रावर न्यायला पन्नास मिनिटे पुरली.

तेव्हापासून कोणत्याही संस्थेचा असा आराखडा हाती आला की मी आधी ते वाक्य शोधतो. यंत्रसामग्री, बॅकअप, जोडवाहिन्या यांची माहिती सगळीकडे तपशीलवार असते, कारण ती निविदेतून उतरवून घेता येते. निर्णय कोणी आणि किती वेळात घ्यायचा, या जागी बहुधा 'सक्षम प्राधिकारी' भेटतात.

हे दुखणे केवळ सरकारी खात्यांचे आहे असे मानण्याचे कारण नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईवरचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास थांबले. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्यांत एकाच वेळी अडथळे आले आणि जोखीम नियंत्रणाची यंत्रणा उपलब्ध राहिली नाही. एक वाहिनी तुटली तर दुसरी असावी म्हणूनच दोन कंपन्या नेमलेल्या होत्या. दोन केंद्रांमधल्या रस्त्यालगत सुरू असलेले खोदकाम आणि बांधकाम हे त्याचे मुख्य कारण असल्याचे बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशात म्हटले. कंपन्या दोन, बिले दोन आणि रस्ता एकच, हा आपल्या नगरनियोजनाचा स्थायीभाव आहे! व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचार वाजता, म्हणजे बाजार बंद होण्याची नेहमीची वेळ टळून गेल्यावर, आणि ते पाच वाजेपर्यंत चालले. दरम्यान अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे बीएसईवर जाऊन मिटवून टाकले होते.

या बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नईत आहे. ते त्या दिवशी वापरले गेले नाही. 'सेबी'ने त्याच दिवशी खुलासा मागितला, त्यात बिघाडाच्या मूळ कारणाबरोबर हाही प्रश्न होता की, व्यवहार पर्यायी केंद्रावर का नेले नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक भाषेत देता येते आणि ते खोटेही नसते. दूरच्या केंद्रातल्या नोंदी मुख्य केंद्राच्या काही क्षण मागे असू शकतात, अर्धवट राहिलेल्या सौद्यांचा मेळ घालावा लागतो, शिवाय परत मुख्य केंद्राकडे येणे हेही एक स्वतंत्र काम असते. पण अशा खोल्यांत बसलेल्या माणसांशी बोलताना मला दर वेळी एकच शब्दप्रयोग ऐकू येतो : 'आणखी दहा मिनिटे'. अभियंता सांगतो, दोष सापडला आहे, दहा मिनिटांत होईल. पर्यायी केंद्राकडे जायला चाळीस मिनिटे लागणार असतील, तर दहा मिनिटे थांबणे शहाणपणाचे वाटते. ती दहा मिनिटे संपतात तेव्हाही समोर तेच गणित असते, पुन्हा दहा विरुद्ध चाळीस. दर वेळी थांबण्याचा निर्णय सुटा पाहिला तर योग्यच ठरतो आणि अशा योग्य निर्णयांची बेरीज चार तास होते. त्यात आणखी एक भर पडते. थांबलेल्या माणसाला कोणी दोष देत नाही, कारण बिघाड त्याने केलेला नसतो. यंत्रणा हलवली आणि त्यात काही नोंदी गमावल्या, तर ते मात्र त्याच्या सहीने घडलेले असते.

मार्च २०२१ मध्ये 'सेबी'ने जे परिपत्रक काढले, त्याचे महत्त्व मला या दृष्टीने वाटते. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून ३० मिनिटांच्या आत बाजाराने ती घटना 'आपत्ती' म्हणून घोषित केली पाहिजे, घोषणेनंतर ४५ मिनिटांत कामकाज पर्यायी केंद्रातून सुरू झाले पाहिजे आणि फार तर १५ मिनिटांच्या नोंदींचे नुकसान क्षम्य मानले जाईल, अशी ती चौकट आहे. चुकल्यास आर्थिक दंडाची व्यवस्थाही पुढे आली. वाचायला हे आकडे रुक्ष आहेत. प्रत्यक्षात त्यांनी खोलीतल्या माणसाच्या मनावरचे ओझे हलके केले. एकतिसाव्या मिनिटाला तो घाबरट ठरत नाही, नियम पाळणारा ठरतो. 'आणखी दहा मिनिटे' हे म्हणण्याची मुभा त्याला फक्त तीनदा आहे.

त्यानंतर २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजारांनी विशेष सत्रे घेतली. पहिल्या सत्रात मुख्य केंद्रातून आणि दुसऱ्यात पर्यायी केंद्रातून खऱ्या पैशांचे खरे सौदे झाले. पर्यायी केंद्र चालते की नाही हे कळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग माझ्या माहितीत नाही. रिझर्व्ह बँकेचाही प्रवास असाच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधला वीजपुरवठा खंडित होऊन तिच्या सेवा कोलमडल्या. आधीच्या दोन वर्षांतही असे प्रसंग घडले असल्याने रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबरला या बँकेच्या नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवली. हे निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडले. पुढे नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने महत्त्वाच्या यंत्रणांची तालीम किमान दर सहा महिन्यांनी घेण्यास सांगितले आणि ती कशी असावी हेही स्पष्ट केले : पर्यायी केंद्रातून दिवसाच्या आरंभापासून दिवसअखेरच्या हिशेबापर्यंत कामकाजाचा किमान एक पूर्ण दिवस चालला पाहिजे. रविवारी सकाळी दिवे लावून बंद करण्याला तालीम म्हणायची सोय त्यामुळे उरली नाही.

पैशांच्या जगाने एवढी शिस्त अंगी बाणवली, कारण तिथे मिनिटाची किंमत रुपयांत दिसते. जिथे ती रुपयांत दिसत नाही, तिथे काय?

दिल्लीच्या 'एम्स'वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर संगणकहल्ला झाला. नोंदणी, रुग्णदाखला, प्रयोगशाळेचे अहवाल, बिले हे सारे ज्या ई-हॉस्पिटल प्रणालीवर चालते, ती ठप्प झाली आणि देशातले सर्वांत नावाजलेले सरकारी रुग्णालय दोन आठवड्यांच्या आसपास कागद-पेनावर चालले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली गेली आणि अंतर्गत जाळ्याचे योग्य विभाजन नसल्याने हल्लेखोरांना वाट मिळाली. त्याच उत्तरांमधला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. ई-हॉस्पिटलची सगळी माहिती एका बाधित न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली. म्हणजे माहिती होती, सुरक्षित होती, आठवड्याभरातच ती नव्या सर्व्हरवर चढवलीही गेली. तरीही सेवा लगेच सुरू होऊ शकल्या नाहीत, कारण रुग्णालयातले असंख्य संगणक आणि संपूर्ण जाळे निर्जंतुक केल्याखेरीज ती माहिती पुन्हा जोडणे म्हणजे तिला पुन्हा संकटात ढकलणे होते.

बॅकअप असणे आणि सेवा परत सुरू करता येणे या दोन गोष्टींतले अंतर इथे दिसते. आग, पूर, वीज यांच्यासाठी आखलेली पर्यायी केंद्रे मुख्य केंद्रातला प्रत्येक बदल तत्काळ स्वतःकडे उतरवून घेतात. खंडणीखोराने मुख्य केंद्रातली फाइल कुलूपबंद केली, तर कुलूपही तितक्याच तत्परतेने पलीकडे पोहोचते. अशा वेळी कामाला येते ती जाळ्यापासून तोडून ठेवलेली, काही तासांपूर्वीची किंवा काल रात्रीची जुनी प्रत. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरात ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हाती पडले, तेव्हाही दुसरे केंद्र असून भागले नसते. तिथल्या संगणकांवर तेच सॉफ्टवेअर असते.

रुग्णालयासाठी घड्याळ कसे लावायचे, हा प्रश्न शेअर बाजारापेक्षा अवघड आहे आणि त्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चाच झालेली नाही. कोणत्याही यंत्रणेबाबत दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. ती किती वेळ बंद राहिलेली चालेल? आणि ती परत येईल तेव्हा किती वेळाच्या नोंदी गेलेल्या चालतील? कोषागारातून निवृत्तिवेतन दोन दिवस उशिरा निघाले तर ओढाताण होईल, पण निभावेल. एकाही निवृत्ताची नोंद गहाळ झालेली मात्र चालणार नाही. रक्तपेढीचे नेमके उलट आहे. कालच्या वाटपाची आकडेवारी पुन्हा भरता येईल, पण या क्षणी कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत हे अर्ध्या तासात कळले नाही तर शस्त्रक्रिया अडते. जमीन नोंदींचे उत्तर वेगळे, परीक्षा मंडळाचे वेगळे. ही उत्तरे संगणक विभागाला देता येत नाहीत. ती त्या सेवेच्या प्रमुखाने, परिणामांची जाणीव ठेवून द्यायची असतात. मी पाहिलेल्या बहुतेक सरकारी आराखड्यांत मात्र सर्व सेवांसमोर एकच आकडा असतो, बहुधा 'चार तास', आणि तो कुठून आला हे कोणालाच सांगता येत नाही. एका ठिकाणी मी खोलात शिरलो तेव्हा कळले की तो आधीच्या निविदेतून जसाच्या तसा उतरवलेला होता.

छोट्या संस्थांची अडचण याहून निराळी आहे. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाल्याचे समजताच राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिला देयक जाळ्यापासून वेगळे केले. ही कंपनी सहकारी बँका आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवते. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले आणि दुसऱ्या दिवशी सुरळीत झाले. इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी की तोडण्याचा निर्णय वेळेत झाला. तो कोणी घ्यायचा हे ठरलेले होते. पण त्या तीनशे बँकांच्या संचालकांच्या हाती त्या दिवशी काय होते? त्यांनी आपापले आराखडे मंजूर केले असतील, तालमीच्या नोंदीही असतील. ज्या महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही सहकारी बँक असते, तिथे हा प्रश्न परका नाही. स्वतःचे दुसरे केंद्र उभारण्याची ऐपत अशा बँकेला कधीच येणार नाही. तिने तंत्रसेवा घ्यावी हेच योग्य. मात्र मग पुरवठादाराच्या तालमीचा निकाल पाहण्याचा हक्क तिला करारात मिळाला पाहिजे. एकटी बँक तो मागू शकत नाही. तिच्या वतीने नियामकाला तो मागावा लागेल.

सरकारच्या बाजूने पाहिले तर पायाभूत सोयींची टंचाई आहे असे म्हणवत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची राष्ट्रीय डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशी चार दिशांना आहेत. संगणकहल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत कळवण्याचे बंधन 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ मध्येच घातले आहे. त्या निर्देशांत घटना कळवण्याची मुदत आहे. सेवा परत सुरू करण्याची नाही. त्यामुळे रेशन दुकानातले यंत्र चालत नाही म्हणून रिकाम्या पिशव्या घेऊन परतणाऱ्या बाईला 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच ऐकायला मिळते. तो किती वाजेपर्यंत डाऊन राहणे क्षम्य आहे, हे तिला सांगू शकेल असा कागदच नाही. शेअर दलालाला मात्र पंचाहत्तर मिनिटांचा हिशेब मागता येतो.

यावर सार्वत्रिक कायदा करा, अशी मागणी करण्याचा मोह होतो. मला त्यापेक्षा साध्या तीन गोष्टी आधी हव्या आहेत. नागरिकांशी थेट संबंध असलेल्या प्रत्येक सेवेने बंद राहण्याची आपली कमाल मर्यादा जाहीर करावी. आपत्ती घोषित करण्याचा अधिकार एका पदाला, आणि ते पद रजेवर असेल तर दुसऱ्या पदाला, नावानिशी द्यावा. समितीला देऊ नये. आणि सद्‌भावनेने केलेली घोषणा पुढे अनावश्यक ठरली, तरी त्याबद्दल कारवाई होणार नाही, असे लेखी संरक्षण त्या अधिकाऱ्याला असावे. महालेखापरीक्षकांनी अशा यंत्रणांची तपासणी करताना पर्यायी केंद्राची इमारत पाहण्याबरोबर शेवटची पूर्ण दिवसाची तालीम कधी झाली, ही तारीख मागितली तर खात्यांची झोप आपोआप उडेल.

हे आपल्या प्रशासनाला जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी ओडिशाकडे पाहायला सांगतो. १९९९ च्या ऑक्टोबरमधल्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. मे २०१९ मध्ये 'फनी' आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोकांना वेळेत हलवण्यात आले आणि राज्यातील मृतांची संख्या ६४ होती. वादळ येण्याआधी माणसे हलवायची म्हणजे वादळाने दिशा बदलली तर टीका सोसायची. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी ती जोखीम घेतली, कारण अधिकार कोणाचा आहे हे ठरलेले होते, निवारे बांधलेले होते आणि गावोगावच्या लोकांनी त्यांच्याकडे जाण्याची वाट तालमींतून अनेकदा तुडवलेली होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ ने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाच्या प्रमुखपदी बसवले आहे. नदीला पूर आला तर काय करायचे हे ठरवायला त्याला मुंबई-दिल्लीला विचारावे लागत नाही. जिल्हा रुग्णालयाची संगणक यंत्रणा बंद पडली तर दुसऱ्या केंद्राकडे जाण्याचा निर्णय त्या जिल्ह्यात कोणी घेऊ शकत नाही.

कागदाबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण नव्या पिढीचे तंत्रज्ञ त्याचा उल्लेख लाजत करतात. 'एम्स'मध्ये त्या दोन आठवड्यांत रुग्णसेवा चालू राहिली ती कागदावर. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांना संगणकापूर्वीचे दिवस आठवत होते. आणखी दहा वर्षांनी ते निवृत्त झालेले असतील. कोरे छापील नमुने कुठे ठेवले आहेत, हस्तलिखित नमुन्यावर क्रमांक कसा घालायचा आणि यंत्रणा परतल्यावर त्या नोंदी कोणी व कोणत्या क्रमाने भरायच्या, हेही पुनर्स्थापनेच्या आराखड्यात आले पाहिजे. मी पाहिलेल्या आराखड्यांपैकी फक्त दोनांत ते होते आणि दोन्ही परिचारिकांनी आग्रह धरून घालायला लावले होते.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या खात्याने गेल्या वर्षी मला सुधारित आराखडा पाठवला. आता तो शंभर पानांच्या आत आला आहे. छापील प्रत दोन्ही शहरांत ठेवल्याची नोंद पहिल्याच पानावर आहे. चौथ्या पानावर 'सक्षम प्राधिकारी' हे शब्द खोडून एक पदनाम, त्याखाली दुसरे पदनाम आणि 'चाळीस मिनिटांच्या आत' अशी मुदत घातली आहे. दोन्ही पदांसमोर दूरध्वनी क्रमांक आहेत आणि ते दर महिन्याला पडताळल्याची खूण करण्यासाठी बारा चौकोन आखले आहेत. प्रत माझ्याकडे आली ती डिसेंबरात. खुणा पाच चौकोनांत होत्या.